आर. विल्सन जिना उतरतात

“सर, तुम्हाला साडी नेसायला किती वेळ लागेल?”

ऋजुतानं हा प्रश्न विचारला तेव्हा मी सदुसष्ट वर्षांचा होतो, ओठांवर भरघोस मिशी होती आणि माझ्या नावावर अकरा घोडेपट होते. ‘माझ्या नावावर’ हे आपलं म्हणायची पद्धत म्हणून. नावाचं पुढे सांगतो.

“अनुभव नाही,” मी म्हणालो.

“मुसाभाई नेसवतील,” असं म्हणून ती पुन्हा मोबाइलमध्ये शिरली.

ऋजुता चॅनलची. मुंबईहून आलेली. माझा शेवटचा पिक्चर थेटरातून उतरला त्यानंतर केव्हातरी जन्मलेली. पोरगी मनानं वाईट नव्हती. रोज एक भाग मुंबईला पोचवायचा, एवढाच तिचा धर्म होता. आमची मालिका कोल्हापुरात, ताराबाई पार्कातल्या एका बंगल्यात चालायची. बंगल्याला संगमरवरी जिना होता, आणि मालिकेत जिना असला की त्यावरून कोणीतरी पडावंच लागतं. त्या दिवशी सासूबाई पडणार होत्या. सूनबाई ढकलणार होत्या. सासूबाईंच्या वतीनं पडायला मुंबईहून एक फायटर मुलगी निघाली होती, ती खंबाटकीच्या घाटात बंद पडलेल्या बसमध्ये बसून होती. भाग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिसायचा होता. म्हणजे त्या दुपारीच तो मुंबईला निघायला हवा होता.

“मुलगी नाही, तर पडणं उद्यावर टाकू,” मी म्हणालो.

“सर, महाएपिसोड आहे. गेला आठवडाभर जाहिरात चालू आहे, सासू पडणार म्हणून. सासू पडली नाही तर लोक काय बघणार?”

“पण मी कशाला?”

“तुम्ही नाहीतरी पडणारच होता ना?” तिनं शांतपणे विचारलं.

इथं तिचं बरोबर होतं. सगळा दोष माझ्या रिवाजाचा.

घोडेपटांच्या काळापासून माझा एक रिवाज होता. जे पडणं मी दुसऱ्याला सांगेन, ते आधी मी पडणार. घोड्यावरून, छपरावरून, कड्यावरून गवताच्या गंजीत. आधी मी, मग तो. त्यामुळे फायटर मंडळी माझ्यावर जीव टाकत आणि हाडवैद्य मला सणासुदीला घरी जेवायला बोलवत. हा रिवाज मी मालिकेतही आणला होता. सून पाटावरून घसरायची असली तर आधी मी घसरून दाखवी. युनिटला गंमत वाटायची. मला अभिमान वाटायचा.

“तुम्ही दाखवायला पडणारच,” ऋजुता म्हणाली. “मग साडी नेसूनच पडा ना सर. कॅमेरा चालू ठेवू. एकदाच काय ते होऊन जाईल.”

असा हिशेब माझ्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत एकाही निर्मात्याला सुचला नव्हता.

आता नावाचं.

माझं नाव रंगराव दादासो चौगुले. तरुणपणी मला गावोगावच्या तंबूत इंग्रजी घोडेपट बघायचं व्यसन लागलं. बापूसाहेब खराडे म्हणून एक थेटरवाले होते, त्यांनाही तेच व्यसन. त्यांच्याकडे पैसा होता, माझ्याकडे वेळ. आम्ही पन्हाळ्याच्या पठारावर टेक्सास वसवलं. स्टेशनवरच्या टांग्यांचे घोडे आणले. घोडे गुणी होते, पण समोर कोणी हात वर केला की सवारी आली समजून थांबायचे. आणि आमच्या पिक्चरमध्ये तर दर पाच मिनिटांनी कोणीतरी ओरडायचं, “हात वर!” पाठलाग तिथंच संपायचा. शेवटी आम्ही खलनायकांना हात वर न करता शरण यायला शिकवलं. टोप्या गोणपाटाच्या, खळ घालून ताठ केलेल्या. दोन थेंब पडले की नायकाचा चेहरा टोपीत बुडून जायचा.

तरी पिक्चर चालला. कागल, निपाणी, इचलकरंजी, सगळीकडे चालला. पण पहिल्या पिक्चरची नामावळी करायची वेळ आली तेव्हा बापूसाहेब म्हणाले, “रंगराव, घोडा, बंदूक आणि टोपीच्या पिक्चरला चौगुले हे नाव म्हणजे पुरणपोळीबरोबर व्हिस्की. लोक पैसे परत मागतील.”

“मग?”

बापूसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. आम्ही तेव्हा विल्सन पुलावर उभे होतो.

अशा रीतीनं मी आर. विल्सन झालो. आणखी थोडं पुढं जाऊन लक्ष्मीपुरी पेठेत ठरवलं असतं तर काय झालं असतं, याचा मी विचार करत नाही.

अकरा पिक्चर, अकराही विल्सनचे. दरम्यान माझं लग्न झालं. शालनचे वडील कागलला हेडमास्तर. जावई फिल्म डायरेक्टर म्हणून त्यांनी अख्खं घर, शेजारीपाजारी आणि शाळेचा शिपाई यांना घेऊन पिक्चर पाहिला. नामावळीतलं प्रत्येक नाव ते मोठ्यानं वाचत होते. कॅमेरामन झाला, फायटर झाले, चहा-नाश्ता पुरवणारे झाले. जावई काही आले नाहीत. मी त्यांना विल्सनचं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पण मरेपर्यंत त्यांना संशय होता की मी थेटरच्या दारावर तिकिटं फाडतो.

शालननं यावर कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त पडद्यावर नावं सुरू झाली की ती तोंड फिरवून पोरांचे शर्ट सरळ करायला लागायची. पोरं मोठी होऊन नोकरीला लागली, तरी ही सवय गेली नाही. मग शेजारी बसलेल्या कोणाचाही शर्ट सरळ करायची.

घोडेपट संपले. लोकांना घोड्यांऐवजी घरातली भांडणं आवडू लागली. मी बरीच वर्षं घरी बसलो आणि मग या मालिकेत दुय्यम दिग्दर्शक म्हणून लागलो. मुख्य दिग्दर्शक निनाद कर्णिक. मोठा माणूस, गळ्यात एक काळा चष्मा आणि डोक्यावर दुसरा. नाव त्यांचं, धावपळ माझी. पण त्या आठवड्यात कर्णिक मेव्हण्याच्या साखरपुड्यासाठी गोव्याला गेले होते, आणि ऋजुतानं मला शब्द दिला होता, “सर, महाएपिसोड संपूर्ण तुमचा. नाव फक्त तुमचं. मी मुंबईला कळवलंय.”

मी हे घरी जाऊन शालनला सांगितलं होतं. सांगायला नको होतं, पण सांगितलं.

“कुठलं नाव?” तिनं विचारलं होतं.

“चौगुले.”

“सगळं?”

“रंगराव चौगुले.”

 त्या दिवशी आमटीत तिनं दोनदा मीठ घातलं, आणि मी दोन्ही वेळचं खाल्लं.

तर आता ऋजुता जिन्याखाली उभी राहून मला साडीचं विचारत होती, आणि त्याच वेळी माझा फोन वाजला.

“अहो, ऐकताय का?” शालन. “उद्या गल्लीतल्या सगळ्या बायका येणार म्हणाल्यात. पाटणकर काकू, गवंडी वहिनी, सगळ्या. भडंग करतीय. तुमचं झालं का काम?”

“होतंय.”

“नाव शेवटाला येतं का सुरुवातीला? गवंडी वहिनी विचारत होत्या. त्यांना उशीर झाला तर चुकायला नको.”

“शेवटाला.”

“मग ठीक. आवाज असा का येतोय तुमचा?”

“जिना आहे. घुमतो.”

मी फोन ठेवला. ऋजुता माझ्याकडे बघत होती. “सर, नाही म्हणालात तरी चालेल,” ती म्हणाली. “मी कर्णिक सरांना फोन करते, ते इथलाच दुसरा कोणी पाठवतील. पण मग तो येणार, तो शूट करणार, आणि नावाचं मला काही सांगता येणार नाही.”

“मुसाभाई कुठं आहेत?” मी विचारलं.

मुसाभाई आमचे ड्रेसदादा. त्यांनी आयुष्यभर राजे आणि दरोडेखोर सजवले होते. एका खोलीत त्यांनी मला उभं केलं आणि माझ्याभोवती अंजिरी पैठणी गुंडाळायला घेतली.

“अण्णा, पोट आत घ्या.”

“आत घेतलेलंच आहे.”

“मग ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. निऱ्या खोचताना त्यांनी दुसरीकडे पाहिलं. त्यांनी माझे विल्सनचे सगळे कोट शिवले होते.

वर केसांचा टोप, त्यावर गजरा. मिशीचा प्रश्न उरला. मेकअपवाला वस्तरा घेऊन आला तेव्हा मी त्याला साफ सांगितलं, “मिशीला हात लावायचा नाही. घरी काय सांगू?” यावर उपाय मीच काढला. पदराचा बोळा तोंडात धरायचा. मिशीही झाकते आणि हुंदकाही दिसतो. दिग्दर्शक म्हणून मला ही कल्पना आवडली, हे आता लिहितानाही मला खटकतं.

मी बाहेर आलो. कोणीतरी शिट्टी मारली. मग सगळं युनिट हसलं. मनमोकळं, आपुलकीनं हसलं. मला वाईट वाटू नये याचीही काळजी घेऊन हसलं. मीही हसलो. सूनबाईनं माझ्याबरोबर एक फोटो काढला. एकट्या विभावरीताई हसल्या नाहीत. खऱ्या सासूबाई त्याच. तशीच अंजिरी पैठणी नेसून त्या खुर्चीत बसल्या होत्या. उठल्या, जवळ आल्या आणि माझा पदर नीट करू लागल्या.

“अण्णा, असा मोकळा सोडू नका, पायात येईल. कमरेला खोचा. अस्सं.” मग हळूच म्हणाल्या, “नाही म्हणायचं होतंत हो.”

“ताई, तुमच्यासाठीच पडतोय.”

“माझ्यासाठी म्हणून नका सांगू,” त्या म्हणाल्या.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. एवढ्या वर्षांत कितीतरी उंचीवरून उड्या टाकल्या होत्या, पण विजार घालून. विजार घालून पडणारा माणूस शूर दिसतो. पैठणी नेसून पडणारा नुसता म्हातारा दिसतो.

दिग्दर्शक मीच असल्यामुळे ॲक्शन मीच म्हणालो आणि मीच पडलो. कट म्हणायला मात्र श्वास शिल्लक नव्हता. त्यामुळे कॅमेरा माझ्यावर बराच वेळ चालू राहिला.

“सुपर्ब सर!” ऋजुता वरून ओरडली. “फक्त एक अडचण. पायात मोजे राहिलेत.”

दुसऱ्यांदा पडलो तेव्हा पदर तोंडातून सुटला आणि मिशी आली. तिसऱ्यांदा सगळं जमलं. उजवा खांदा आधी, मग कूस, मग पाठ, शेवटच्या पायरीवर गजरा सुटून पुढं गडगडत गेला. गजऱ्याचं मी ठरवलं नव्हतं, ती देणगी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला उठवायला दोघं धावले. मुसाभाई तिथून निघून गेले होते.

घरी गेल्यावर मी सांगितलं, “दिवसभर उभं राहून पाठ आखडली.” शालन म्हणाली, “बसून घ्या मग.” मला बसताही येत नव्हतं. मी रात्री भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपलो, कारण एकच कूस शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमची बाहेरची खोली भरली. बायका सतरंजीवर, दारात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. चपला पायरीवर मावेनात. शालननं वडिलांचा फोटो भिंतीवरून काढून टीव्हीसमोरच्या फळीवर ठेवला होता. हेडमास्तर पहिल्या रांगेत होते. तिनं आपला चष्मा पदरानं पुसला, तोंडाजवळ धरून त्यावर हाः केलं आणि पुन्हा पुसला. मला कॉटवर तिच्या शेजारी बसवलं होतं, नवरदेवासारखं.

“अण्णा, आज जोरात हं,” पाटणकर काकू म्हणाल्या.

“काय खरंच सासू मरते का हो?” गवंडी वहिनींनी विचारलं. त्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत बालवर्गाला वाचायला शिकवायच्या.

“बघा की,” मी म्हणालो.

भाग सुरू झाला. सासू-सुनेची बाचाबाची झाली. सुनेचा हात पुढं आला. आणि मी पडलो. तेही एकदा नाही. मालिकांच्या पद्धतीप्रमाणे आधी वरून, मग बाजूनं, मग सावकाश. अंजिरी पैठणी जिन्यावरून गडगडत होती आणि खोलीत हुंदके येऊ लागले.

“अगं आई गं! लागलं असंल की बाईला!”

“बघ, कसा पदर तोंडात धरलाय. ओरडली सुदिक न्हाई बिचारी. घरची अब्रू म्हणून.”

“त्या सुनेला चांगली फोडली पाहिजे!”

 शालननं गडगडणाऱ्या बाईकडे पाहिलं. एकदा, दुसऱ्यांदा, सावकाशीतल्या तिसऱ्यांदा. तिनं हे पडणं लग्न झाल्यापासून पाहिलेलं होतं. पूर्वी ते विल्सनच्या कोटात असायचं, इतकाच फरक. मग तिनं माझ्याकडे न बघता आपल्या मांडीखालची उशी काढली आणि माझ्या पाठीमागे सारली.

मी उशीला टेकलो. तिथून उठून जावं असं मला फार वाटत होतं, पण मध्ये बायका होत्या.

गजरा गडगडत शेवटच्या पायरीवर थांबला. त्याच्यावर चित्र गोठलं. शालन पुढं सरकली. आणि गजऱ्याच्या वर, पांढऱ्या अक्षरांत, सावकाश, कोणालाही वाचता येईल असं आलं:

दिग्दर्शन – निनाद कर्णिक.

मग साबणाची जाहिरात लागली.

 साबणाच्या जाहिरातीतलं एक मूल आनंदानं चिखलात लोळत होतं. सगळ्या जणी त्याच्याकडे बघत राहिल्या.  दारातली एक कोवळी सून, नुकतीच गल्लीत आलेली, निरागसपणे म्हणाली, “अण्णांचं नाव कुठं आलं?”

मी काहीतरी बोलणार होतो. मुंबईत चूक झाली असेल, पाटी जुनीच लागली असेल, उद्या दुरुस्त होईल. माझ्याकडे अशी बरीच वाक्यं होती, आयुष्यभर जमवलेली.

“आलं की,” शालन म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“आत्ताच गेलं. त्या कुणाच्या तरी नावाच्या आधी. कसलं पळवत्यात मेले, डोळं लवायच्या आत.” तिचा आवाज अगदी रोजचा होता. “दिसलं न्हाई व्हय तुम्हाला?”

जाहिरातीतल्या मुलाला त्याच्या आईनं उचललं. मग पाटणकर काकू खाकरल्या.

“मला दिसलं की. रंगराव चौगुले.”

“रंगराव दादासो चौगुले,” गवंडी वहिनी म्हणाल्या. बालवर्गाला शिकवतात तशा, एकेक अक्षर सुटं करून. “वडिलांच्या नावासकट होतं. मी वाचलं.”

“हो, हो. मधी दादासो होतं.”

“मी पण वाचलं,” कोवळी सून घाईघाईनं म्हणाली. तिला कोणीतरी चिमटा काढला असावा.

कोपऱ्यात भिंतीला टेकून मोहित्यांच्या आजी बसल्या होत्या. चारच दिवसांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि डोळ्यांवर तो मोठा काळा चष्मा होता. त्यांना हाताला धरून आणलं होतं. त्या म्हणाल्या, “काय ठसठशीत अक्षर होतं गं बायांनो. सोनेरी.”

मग सगळ्या जणी माझ्याकडे वळल्या. कोणाच्या हातात भडंग, कोणाच्या डोळ्यांत अजून सासूसाठीचं पाणी. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. शालन रिकाम्या ताटल्या गोळा करायला उठली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी कॉटला धरून उभा राहिलो आणि सगळ्यांना नमस्कार केला. इतक्या जणींनी वाचलं होतं. त्यांना खोटं पाडणारा मी कोण?